रात्री दोनचं काम शेड्यूलरवर सोपवण्याआधी

सलग अकरा दिवस आमच्या रात्रीच्या टेस्ट हिरव्या होत्या. सकाळी डॅशबोर्ड उघडायचा, हिरवा ठिपका बघायचा आणि पुढच्या कामाला लागायचं, असं चाललं होतं. बाराव्या दिवशी एका सहकाऱ्याने सहज लॉग उघडला. ४१२ पैकी ३७ टेस्ट फेल. आदल्या दिवशीचा लॉग काढला, त्यातही फेल. पहिल्या रात्रीपासून रोज.

ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणाऱ्या शेड्यूलरचा यात काही दोष नव्हता. स्क्रिप्ट माझी होती. टेस्टचं आउटपुट स्क्रीनवरही दिसावं आणि फाइलीतही उतरावं म्हणून शेवटच्या ओळीत मी ते पाइप लावून ‘टी’ या कमांडकडे दिलं होतं. शेल म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्रॅम. त्याच्या लेखी पाइपचा निकाल म्हणजे त्यातल्या शेवटच्या कमांडचा निकाल. शेवटची कमांड होती ‘टी’. तिचं काम फाइल लिहिण्याचं. ते तिने चोख केलं आणि शून्य परत दिला. शेड्यूलरने शून्य पाहिला आणि हिरवा ठिपका लावला.

शेड्यूलर तुमचा लॉग वाचत नाही. स्क्रिप्ट संपताना कोणता आकडा देऊन गेली, एवढंच त्याला कळतं. त्यामुळे ‘कुठला शेड्यूलर घेऊ’ हा प्रश्न नवखे लोक सगळ्यात आधी विचारत असले तरी इथे तो बराच खाली येईल. आधी स्क्रिप्टला खरं बोलायला शिकवायचं.

कमांडची नावं या लेखात उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टाइप करताना ती अर्थातच इंग्रजीत करायची, आकडेसुद्धा.

शेड्यूलर नेमकं काय करतो

तीन कामं करतो. काम कधी सुरू करायचं, कशानंतर सुरू करायचं, आणि बिघडलं तर पुढे काय करायचं.

पहिलं काम सगळ्यात जुनं. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत क्रॉन होता. पॉल विक्सी यांनी १९८७ मध्ये तो नव्याने लिहिला आणि आजही अनेक लिनक्स मशीनवर त्याच घराण्यातला क्रॉन चालतो. क्रॉनला फक्त घड्याळ कळतं. ‘बिल्ड झाल्यावर, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम तयार झाल्यावर, टेस्ट चालव’ हे त्याला सांगता येत नाही. मग लोक बिल्ड दोन वाजता लावतात, टेस्ट अडीचला लावतात आणि बिल्ड अर्ध्या तासात आटोपेल अशी आशा धरतात. प्रोजेक्ट वाढतो, बिल्डला पस्तीस मिनिटं लागायला लागतात आणि टेस्ट अर्धवट बिल्डवर चालू लागतात. हा प्रकार मी इतक्यांदा पाहिला आहे की क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीत, अर्ध्या अर्ध्या तासाच्या अंतरावर ओळी दिसल्या की मी आधी त्याच तपासतो.

‘कशानंतर काय’ ही कल्पनाही नवी नाही. स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्समध्ये १९७६ साली मेक लिहिलं ते याचसाठी: कुठली फाइल कशावर अवलंबून आहे ते सांगा, क्रम मी लावतो. घड्याळ आणि अवलंबन एकत्र आणा, त्यात पुन्हा प्रयत्न, नोंदी आणि बघायला एक पडदा जोडा, की झाला वर्कफ्लो शेड्यूलर.

पायरी १: स्क्रिप्ट परक्या घरी चालवून बघा

‘माझ्याकडे चालते, क्रॉनमधून चालत नाही.’ नवख्यांची ही पहिली तक्रार, आणि कारण जवळपास नेहमी एकच. तुम्ही टर्मिनल उघडता तेव्हा तुमची प्रोफाइल फाइल वाचली जाते, पाथ (प्रोग्रॅम शोधायच्या जागांची यादी) भरला जातो, पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका प्रोजेक्टपुरती वेगळी मांडणी) सुरू असतं, दुसऱ्या मशीनवर शिरायची एसएसएचची चावी मेमरीत असते आणि तुम्ही योग्य फोल्डरमध्ये उभे असता. शेड्यूलरकडे यातलं काहीच नसतं. विक्सीच्या क्रॉनमध्ये पाथ म्हणजे ‘यूएसआर-बिन’ आणि ‘बिन’ एवढ्या दोनच जागा, शेल साधा ‘एसएच’, आणि स्क्रिप्ट सुरू होते ती तुमच्या होम फोल्डरमधून.

रात्रीची वाट बघत बसू नका. ‘एन्व्ह’ या कमांडला ‘-आय’ दिला की ती पूर्ण कोऱ्या वातावरणात पुढची कमांड चालवते. तुमची स्क्रिप्ट अशी चालवा, तीही दुसऱ्याच एखाद्या फोल्डरमध्ये उभं राहून. हे क्रॉनपेक्षाही कडक आहे, कारण यात होम फोल्डरचाही पत्ता नसतो. इथे पास झाली तर बाहेर अडण्याची शक्यता कमीच. फेल झाली तर दुरुस्तीही ठरलेली: स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच ठरावीक फोल्डरमध्ये जा, प्रत्येक प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता द्या किंवा पाथ स्वतः भरा, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधल्या पायथनला थेट त्याच्या पत्त्यावरून हाक मारा. आणि बॅश हा शेल हवा असेल तर पहिल्या ओळीत बॅशच लिहा, ‘एसएच’ नको.

विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये याचं भावंड म्हणजे ‘स्टार्ट इन’ हा रकाना. तो रिकामा ठेवता येतो, म्हणून सगळे रिकामा ठेवतात आणि मग स्क्रिप्टला शेजारचीच फाइल सापडत नाही. लॅपटॉपवर काम लावणार असाल तर ‘फक्त वीज जोडलेली असतानाच सुरू कर’ ही खूण आधीपासूनच लागलेली असते, तीही बघून घ्या.

पायरी २: एक्झिट कोड

इथे थोडं थांबू, कारण अर्धा खेळ इथेच आहे.

प्रत्येक प्रोग्रॅम संपताना एक आकडा मागे ठेवतो. शून्य म्हणजे ठीक, बाकी काहीही म्हणजे बिघाड. पण शेल स्क्रिप्टचा आकडा म्हणजे तिच्यातल्या शेवटच्या कमांडचा आकडा. मधल्या वीस ओळी कोसळल्या आणि शेवटी ‘काम झालं’ असं छापणारी इको ओळ असली, तर स्क्रिप्ट आनंदाने शून्य देते. इको सहसा फेल होत नाही.

यावर उपाय म्हणून बॅश स्क्रिप्टच्या दुसऱ्या ओळीत तीन सेटिंग एकत्र लिहायची पद्धत आहे: ‘सेट’, पुढे ‘-ई’, ‘-यू’, आणि ‘-ओ पाइपफेल’. ‘ई’ मुळे कमांड फेल झाली की स्क्रिप्ट तिथेच थांबते. ‘यू’ मुळे न भरलेला व्हेरिएबल वापरला तर थांबते. ज्यांनी कधी रिकाम्या व्हेरिएबलसमोर फोल्डर पुसण्याची कमांड चालवली आहे त्यांना याची किंमत सांगावी लागत नाही. आणि ‘पाइपफेल’ मुळे पाइपमधली कुठलीही कमांड पडली तरी अख्खा पाइप पडला असं धरलं जातं. माझे अकरा दिवस या एका शब्दाने वाचले असते.

‘सेट -ई’ वर डोळे मिटून विसंबू नका. इफच्या अटीतली कमांड पडली तर ते गप्प बसतं. ‘अँड-अँड’ किंवा दोन उभ्या रेघांच्या डावीकडची पडली तरी गप्पच. फंक्शनच्या आत ‘लोकल’ म्हणून व्हेरिएबल जाहीर करताना त्याच ओळीत एखाद्या कमांडचं उत्तर त्यात भरलंत, तर त्या कमांडचं अपयश ‘लोकल’ च्या यशाखाली दडपलं जातं. जाहीर एका ओळीत करा, भरा दुसऱ्या ओळीत. आणि जिथे ओळीच्या शेवटी दोन उभ्या रेघा आणि ‘ट्रू’ दिसेल, तिथे कुणीतरी कधीतरी बिघाड झाकून ठेवला आहे असं समजा.

काही आकडे तोंडपाठ असलेले बरे. १२७ म्हणजे कमांड सापडलीच नाही, बहुतेक पाथचा घोळ. १२६ म्हणजे सापडली पण चालवण्याची परवानगी नाही. १२४ म्हणजे ‘टाइमआउट’ कमांडने वेळ संपली म्हणून थांबवलं. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, कुणीतरी प्रोसेस सरळ मारून टाकली. टेस्ट सर्व्हरवर हा ‘कुणीतरी’ बरेचदा मेमरी संपल्यामुळे जागा झालेला कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, असतो. १३७ आला की टेस्टचा कोड उपसू नका, आधी मेमरी बघा.

टेस्ट चालवणाऱ्या साधनांचे स्वतःचे आकडे असतात. पायथनच्या पायटेस्टमध्ये ० म्हणजे सगळं पास, १ म्हणजे काही टेस्ट फेल, २ म्हणजे मध्येच तोडलं, ३ म्हणजे पायटेस्टच्याच आत बिघाड, ४ म्हणजे कमांड चुकीची दिली, आणि ५ म्हणजे एकही टेस्ट सापडली नाही. पाचवा मला फार आवडतो. कुणी फोल्डरचं नाव बदलतं, टेस्ट सापडेनाशा होतात, आणि शून्य टेस्टपैकी शून्य फेल म्हणजे ‘सगळं छान’ असा अर्थ लावणारी साधनं जगात आहेत. तुमचं साधन तसं असेल तर रिपोर्टमधली टेस्टची संख्या मोजा आणि ती अपेक्षेपेक्षा खूप खाली गेली तर स्क्रिप्ट स्वतःच पाडा. रिपोर्ट जेयुनिटच्या एक्सएमएल साच्यात काढला तर मोजणी सोपी जाते. तो साचा जेनकिन्स, गिटलॅब आणि इतरही बरीच साधनं वाचतात.

आता एक टेस्ट मुद्दाम मोडा. १ बरोबर २ असं लिहा, स्क्रिप्ट चालवा आणि आकडा बघा. लाल झालं नाही तर पुढे जाऊ नका.

पायरी ३: दोनदा चालली तर?

हाताने चालवताना आपण बघत असतो. अर्धवट पडली तर उरलेलं आवरून पुन्हा चालवतो. रात्री ते करणारं कुणी नसतं, आणि शेड्यूलर तर ‘फेल झाली, पुन्हा चालवतो’ म्हणायला टपलेलाच असतो. म्हणून स्क्रिप्ट एकदा चालली काय आणि तीनदा चालली काय, शेवटची अवस्था सारखीच हवी.

टेस्टसाठी डेटाबेसमध्ये शंभर ग्राहक घालायचे आहेत असं धरा. स्क्रिप्ट नुसतीच घालत सुटली तर दुसऱ्या प्रयत्नात दोनशे होतील आणि ‘ग्राहक शंभर असावेत’ ही टेस्ट पडेल. आधी टेबल रिकामा करून मग घातले तर कितीही वेळा चालवा, शंभरच. त्याहून बरं म्हणजे दर रनला नवा डेटाबेस, नावात रनचा क्रमांक, आणि काम झालं की पुसून टाकायचा.

तारखेचंही तसंच. स्क्रिप्टच्या पोटात ‘आज’ लिहू नका, तारीख बाहेरून द्या. मंगळवारचं काम पडलं आणि तुम्ही ते बुधवारी पुन्हा चालवलंत, तर ‘आज’ म्हणजे बुधवार होतो आणि मंगळवार कायमचा राहून जातो.

मग कुलूप. कालचं काम अजून चालू असताना आजचं सुरू झालं तर दोघं एकमेकांच्या फाइली तुडवतात. लिनक्सवर ‘फ्लॉक’ ही कमांड एका फाइलीवर कुलूप घेते आणि ‘-एन’ दिला तर कुलूप मिळालं नाही म्हणून वाट न बघता परत फिरते. ‘लॉक’ नावाची फाइल स्वतः बनवून, शेवटी स्वतः पुसण्याचा मोह टाळा. स्क्रिप्ट मध्येच मेली तर ती फाइल तशीच उरते आणि पुढचा प्रत्येक रन ‘आधीचं चालू आहे’ म्हणून परत जातो. फ्लॉकचं कुलूप प्रोसेस मेली की आपोआप सुटतं.

आणि वेळेची मर्यादा. नेटवर्कवरून उत्तर न आल्यामुळे लटकलेली टेस्ट ना पास होते ना फेल. ती नुसती बसून राहते. नेहमी लागतो त्याच्या दुप्पट-अडीचपट वेळ ‘टाइमआउट’ ला द्या.

पायरी ४: घड्याळ

क्रॉनच्या ओळीत पाच जागा असतात: मिनिट, तास, महिन्याची तारीख, महिना, आठवड्याचा वार. ‘३० २ * * *’ म्हणजे रोज रात्री अडीच. ‘३० २ * * १-५’ म्हणजे सोमवार ते शुक्रवार. रविवारला ० आणि ७ दोन्ही चालतात. एवढं कळलं की पुरे, बाकीचं गरज पडेल तसं येतं. पण तीन खड्डे असे आहेत की त्यात प्रत्येक जण एकदा तरी पडतोच.

पहिला: तारीख आणि वार दोन्ही भरले तर क्रॉन ‘दोन्ही जुळले तर’ असं न धरता ‘यातलं एक जुळलं तरी’ असं धरतो. ‘१३ तारखेचा शुक्रवार’ म्हणून लिहिलेली ओळ दर १३ तारखेला आणि दर शुक्रवारी चालेल. दुसरा: क्रॉनटॅबमध्ये टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ. लॉगच्या नावात तारीख घालायला गेलात की कमांड मध्येच तुटते. टक्क्याआधी उलटी तिरकी रेघ द्या, किंवा ते सगळं स्क्रिप्टच्या आत न्या आणि क्रॉनटॅबची ओळ छोटी ठेवा. तिसरा जरा दुष्ट आहे. ‘क्रॉनटॅब -ई’ ने यादी संपादनासाठी उघडते, ‘क्रॉनटॅब -आर’ ने सगळी यादी न विचारता पुसली जाते, आणि कीबोर्डवर ही दोन अक्षरं शेजारी आहेत. यादीची प्रत गिटमध्ये ठेवा.

रात्री बाराचा ठोका टाळा. बॅकअप, लॉग बदलणं, सगळ्यांची सगळी कामं तेव्हाच लागलेली असतात. २ वाजून १७ मिनिटं अशी आडनिडी वेळ घ्या. जेनकिन्समध्ये मिनिटाच्या जागी ‘एच’ लिहिलं तर तो स्वतःच कामाच्या नावावरून एक मिनिट ठरवतो आणि गर्दी पांगवतो.

‘रात्री दोन’ म्हणजे कुणाचे दोन, हेही विचारा. सर्व्हर बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असतो आणि तसाच असू द्यावा. ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळ पुढे सरकवतात, तिथल्या वेळेवर काम लावलं तर वर्षातल्या एका रात्री अडीच वाजतच नाहीत आणि दुसऱ्या एका रात्री दोनदा वाजतात. अशा रात्री काही शेड्यूलर काम गाळतात, काही उशिरा उरकून घेतात.

मशीन त्या वेळी बंद असेल तर साधा क्रॉन चुकलेलं काम सोडून देतो. रोज बंद होणाऱ्या मशीनसाठी अ‍ॅनाक्रॉन आहे. लिनक्समधली सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीच्या टायमरमध्ये ‘पर्सिस्टंट’ सुरू केलं की चुकलेलं काम मशीन उठल्यावर होतं.

पायरी ५: साखळी बांधा

आता एका लांबलचक स्क्रिप्टचे तुकडे करू. आमच्या रात्रीच्या कामाची साखळी साधारण अशी: कोड आणा, बिल्ड करा, टेस्टचा डेटाबेस उभा करा, मग युनिट टेस्ट आणि इंटिग्रेशन टेस्ट शेजारी शेजारी, मग रिपोर्ट, शेवटी साफसफाई. युनिट टेस्टना डेटाबेस लागत नाही, म्हणून त्यांचा बाण थेट बिल्डकडून येतो. डेटाबेस उभा राहीपर्यंत त्यांनी ताटकळत बसायचं कारण नाही. बाण कधीही फिरून मागे येत नाहीत. अशा आकृतीला या क्षेत्रात ‘डॅग’ म्हणतात.

तुकडा केवढा करायचा? माझा नियम असा: जिथून पुन्हा सुरू करावंसं वाटेल तिथे तोडायचं. चाळीस मिनिटांच्या बिल्डनंतर टेस्ट पडल्या तर बिल्ड पुन्हा नको, म्हणून तिथे तोड. दोन फाइली कॉपी करण्यासाठी वेगळा टास्क करू नका. पन्नास चिमुकल्या चौकोनांचं चित्र बघायला देखणं दिसतं, पण रात्री उठून दुरुस्त करणाऱ्याला ते शाप वाटतं.

पुन्हा प्रयत्न प्रत्येक टास्कला वेगळे लावा. कोड आणण्याला तीन, दर वेळी थांबण्याचा काळ वाढवत नेत, कारण नेटवर्क असतंच लहरी. बिल्डला शून्य. तेच सामान घेऊन बसलेला कंपायलर दुसऱ्यांदा वेगळं उत्तर देत नाही. टेस्टना? इथे मतभेद आहेत, माझं मत शून्य. तिसऱ्या प्रयत्नात पास झालेली टेस्ट तुम्हाला काहीतरी सांगत होती, दोन कामांमधली ‘आधी कोण’ची शर्यत किंवा एखादा उरलेला डेटा, आणि तुम्ही तिला गप्प केलंत. कधी पास कधी फेल होणाऱ्या टेस्ट वेगळ्या गटात काढा, त्या गटाच्या निकालावर काहीही अडवू नका, पण गटातल्या प्रत्येक टेस्टवर कुणाचं तरी नाव आणि तारीख असू द्या. नाहीतर तो गट म्हणजे अडगळीची खोली होते.

रिपोर्ट आणि साफसफाई मात्र आधीचं पडलं तरी चालायला हवीत. रिपोर्ट तर पडल्यावरच जास्त हवा असतो. एअरफ्लो या वर्कफ्लो शेड्यूलरमध्ये टास्क सहसा आधीचे सगळे यशस्वी झाले तरच सुरू होतो. साफसफाईला ‘ऑल डन’ हा नियम लावला की निकाल काहीही लागो, ती होते.

आणि इथेच माझा ‘टी’ पुन्हा भेटतो. एअरफ्लो अख्ख्या साखळीचा निकाल टोकाच्या टास्कवरून ठरवतो, म्हणजे ज्याच्या पुढे काही नाही त्यावरून. टोकाला साफसफाई आहे. ती ‘ऑल डन’ ने चालली आणि यशस्वी झाली. मधल्या टेस्ट पडलेल्या, तरी साखळी हिरवी! उपाय असा की आणखी एक छोटा टास्क टोकाला ठेवायचा, सगळे टास्क त्याला जोडायचे, त्याला ‘वन फेल्ड’ (एक जरी पडला तरी चाल) नियम द्यायचा आणि तो चालला तर स्वतःला पाडेल एवढंच त्यात लिहायचं. या पहारेकऱ्याला एअरफ्लोवाले ‘वॉचर’ म्हणतात. हे कळेपर्यंत मी पाइपफेल शिकून शहाणा झालो आहे असं समजत होतो.

साखळी बांधून झाली की तोच जुना प्रयोग मधल्या प्रत्येक कडीवर करा. बिल्ड मोडा, बघा. डेटाबेसचा पासवर्ड चुकवा, बघा. टेस्ट मोडा, बघा.

पायरी ६: आता शेड्यूलर निवडा

दोन-चार स्वतंत्र स्क्रिप्ट आणि एक मशीन असेल तर क्रॉन किंवा सिस्टमडी टायमर, विंडोजवर टास्क शेड्यूलर. याहून मोठं काही बसवू नका. शेड्यूलर हाही एक सॉफ्टवेअर आहे, त्याचेही अपडेट आणि आजारपण तुम्हालाच काढावं लागतं.

काम कोडच्या रिपॉझिटरीभोवती फिरत असेल, म्हणजे बिल्ड आणि टेस्ट, तर सीआयची, म्हणजे कोड बदलला की बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणारी, साधनं बरी. जेनकिन्स यातला जुना जाणता. कोहसुके कावागुची यांनी हडसन या नावाने तो सुरू केला आणि २०११ मध्ये त्याचं नाव जेनकिन्स झालं. स्वतःच्या सर्व्हरवर हवं ते करता येतं, त्या बदल्यात प्लगइनची मशागत करावी लागते. गिटहबच्या अ‍ॅक्शन्समध्ये काहीच बसवावं लागत नाही, पण वेळापत्रकाच्या अटी माहीत हव्यात. दोन रनमध्ये कमीत कमी पाच मिनिटांचं अंतर लागतं. गर्दीच्या वेळी, विशेषतः तासाच्या ठोक्याला, रन उशिरा सुरू होतो. वेळापत्रक मुख्य ब्रँचवरच्या फाइलीतलंच धरलं जातं. आणि सार्वजनिक रिपॉझिटरीत साठ दिवस काहीच हालचाल झाली नाही तर ते आपोआप बंद होतं.

अवलंबनांचं जाळं मोठं असेल, जुन्या तारखांसाठी काम परत चालवावं लागत असेल, तर एअरफ्लो. मॅक्सिम बोशमँ यांनी २०१४ मध्ये एअरबीएनबीत तो सुरू केला, आणि २०१९ पासून तो अपाचे फाउंडेशनचा उच्चस्तरीय प्रकल्प आहे. साखळी पायथनमध्ये लिहायची असते. नवख्यांना त्याचं ‘कॅचअप’ दगा देतं: आवृत्ती २ मध्ये ते न सांगता सुरू असतं, आणि सुरुवातीची तारीख सहा महिने मागची लिहिली तर साखळी चालू करताच सहा महिन्यांचे रन रांगेत उभे राहतात. आवृत्ती ३ मध्ये ते मुळात बंद केलं आहे. तुमची आवृत्ती कोणती हे न बघता, काय हवं ते स्पष्ट लिहून टाका. आणि नुसत्या रात्रीच्या टेस्टसाठी एअरफ्लो उभारत असाल तर पुन्हा एकदा विचार करा.

पायरी ७: बातमी कुणाला, केव्हा

पडल्यावर निरोप जायला हवा, हे सगळे करतात. पण निरोप ‘जॉब फेल’ एवढाच असेल तर तिसऱ्या आठवड्यात तो कुणी उघडत नाही. त्यात कुठला टास्क पडला, कुठल्या कमिटवर, एक्झिट कोड काय, लॉगच्या शेवटच्या वीस ओळी आणि पूर्ण लॉगचा दुवा द्या. लॉग पाठवताना एक बघा: ‘सेट -एक्स’ लावलेली स्क्रिप्ट प्रत्येक कमांड छापते, पासवर्ड असलेलीही. पासवर्ड शेड्यूलरच्या गुप्त साठ्यात ठेवा आणि ते वापरणाऱ्या ओळींपुरतं ‘एक्स’ बंद करा.

पास झाल्यावर रोज निरोप नको. लोक तो फिल्टर करतात आणि त्याच फिल्टरमध्ये फेलचाही जातो.

मग न चाललेल्या कामाचं काय? सर्व्हर बंद पडला, क्रॉनटॅब पुसली गेली, वेळापत्रक साठ दिवसांनी बंद झालं. काही पडलंच नाही, म्हणून निरोपही नाही, आणि ही शांतता हिरव्या ठिपक्यासारखीच दिसते. यासाठी उलटी व्यवस्था लागते. काम यशस्वी झालं की शेवटच्या ओळीत दुसऱ्या मशीनकडे हजेरी पाठवायची, आणि ठरलेल्या वेळेपर्यंत हजेरी आली नाही तर त्या दुसऱ्या मशीनने ओरडायचं. दुसरं मशीन हे महत्त्वाचं. त्याच सर्व्हरवर ठेवलेला पहारेकरी सर्व्हरबरोबरच झोपतो.

पहिल्या आठवड्यात एकच काम शेड्यूलरवर टाका, आणि सकाळी हिरवं असो वा लाल, लॉग उघडून वाचा. किती टेस्ट चालल्या, किती वेळ लागला, ते एका वहीत लिहा. नेहमी बावीस मिनिटं लागणारं काम चार मिनिटांत हिरवं झालं, तर तो दिवस लॉग वाचण्याचा.

आमच्या साखळीत आता एक टेस्ट आहे जी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला फेल होते. तिच्यात तारीख बघण्यापलीकडे काही नाही. त्या दिवशी सकाळी नऊपर्यंत लाल निरोप आला नाही तर सगळे हातातलं काम सोडून लॉग उघडतात. गेल्या वर्षी एकदा आला नव्हता. निरोप पाठवणाऱ्या खात्याचा पासवर्ड संपून नऊ दिवस झाले होते.